आठवी चक्री

मीटरच्या पेटीचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं. तिने चपलेच्या टाचेने दोन ठोके दिले, बोटं आत घालून झाकण वर ओढलं, गुडघे टेकले आणि रुमालाने काच पुसली. काचेखाली आकडे होते आणि आकड्यांच्या शेजारी छोटी लाल चक्री. घरात कुठेही नळ सोडला की ही चक्री फिरते. ती फिरत नव्हती. आकडे गेल्या महिन्याचेच होते, आणि त्याच्या आदल्या महिन्यातही तेच होते. तिने हातातलं यंत्र काचेवर धरून फोटो काढला. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘वापर शून्य. घर रिकामे.’

रिकाम्या घरातून शिंक ऐकू आली. पाठोपाठ दुसरी. तिचे वडील नेहमी दोनदाच शिंकत.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“मी आहे, अप्पा. मीटर.”

“मीटर की मुलगी?”

“आधी मीटर. मुलगी मागून येतेय.”

गेली अकरा वर्षं ती शहराच्या पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करत होती. लोक तिला मीटरबाई म्हणत, आणि तिलाही आता त्या नावाची इतकी सवय झाली होती की रस्त्यात कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळून बघायला विसरायची. ही गल्ली तिच्या फेरीत शेवटची होती, कारण शहरातच ती शेवटची होती. पुढे नुसता माळ. कोणे एके काळी शहर इकडे पसरत येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. शहर आलं, अर्ध्या वाटेवर थांबलं आणि मग मागे सरकून उभं वर वाढायला लागलं. पंधरा घरांची ही गल्ली माळावर तशीच राहून गेली. पंधरापैकी सात घरांना कुलपं होती. आठांत माणसं राहत होती, आणि त्यांत सगळ्यात टोकाचं घर तिच्या वडिलांचं.

ती आत गेली. ओट्याशेजारच्या नळाला सुती दोरा बांधलेला होता. दोऱ्याचं खालचं टोक पातेल्यात सोडलेलं. नळ एवढासाच उघडा होता, जेमतेम एक थेंब सुटेल इतका. थेंब दोऱ्यावरून घसरत खाली जायचा आणि आवाज न करता पातेल्यात मिसळायचा. दिवसरात्रीत पातेलं दोन-तीनदा भरे. एवढ्या बारीक पाण्याने मीटरची चक्री जागची हलत नाही, हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. अप्पांना मीटरला फसवायचं नव्हतं. धार पडली की चार थेंब भांड्याबाहेर उडतात, आणि ते चार थेंब त्यांना सोसत नसत.

अप्पा जन्मभर त्याच खात्यात फिटर होते. या गल्लीची लाइन त्यांनीच टाकली होती. गळती शोधण्यात त्यांचा हात, म्हणजे खरं तर कान, धरणारा कोणी नव्हता. एका टोकाला लाकडी वाटी बसवलेली लोखंडी कांब ते रस्त्यावर टेकवत, वाटीला कान लावत आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते वीतभर अंतरात सांगत. ती कांब अजून दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती. तिला जागेवरून हलवायची कोणाची छाती नव्हती.

“बस,” अप्पा म्हणाले. “तोंड का उतरलंय?”

तिने यंत्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून पडदा वाचला, मग स्वतःकडे, मग घराकडे पाहिलं.

“रिकामे,” ते म्हणाले. “म्हणजे मघाशी कोण शिंकलं?”

“हसू नका, अप्पा. पत्रक आलंय. ज्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं वापरात नसतील ती गल्ली बंद. पंधरातल्या आठ चक्र्या फिरायला हव्यात. तुमच्या गल्लीत सात फिरतात.”

“आणि आठवा मी.”

“पुढच्या महिन्यात दुसरी फेरी. त्यातही सातच आल्या की लाइन तोडणार.”

“तू हाताने लिही की घरात माणूस आहे.”

“यंत्र काचेचा फोटो काढतं. माणसाचा काढत नाही.” ती क्षणभर थांबली. “दोरा सोडा. नळ नीट उघडून पाणी भरा, बास. महिन्याला दोन युनिट दिसले की घर वापरात धरतात.”

अप्पांनी बोटांवर हिशेब केला. आयुष्यभर पाणीच मोजलेल्या माणसाला वेळ लागला नाही.

“म्हणजे रोज साडेचार बादल्या. मला दीड लागते. उरलेल्या तीन काय करू?”

“ओता.”

“कुठे?”

“मोरीत ओता, अंगणात ओता. शेजारच्या काकूंना द्या.”

“तिला दिल्या तर तिची चक्री थांबेल,” अप्पा म्हणाले. ते बरोबर होतं, त्यामुळे तिला आणखीच राग आला. “आणि ऐक. ही लाइन मी टाकलीय. चार किलोमीटर पाइप, पंधरा घरांसाठी. निम्मं पाणी वाटेतच जमीन पिते. मी साहेब असतो तर पाच वर्षांपूर्वीच तोडली असती. तुमच्या तिकडे एका इमारतीत किती माणसं आहेत?”

“नऊशे.”

“आणि पाणी किती वेळ?”

“एक तास.”

“मग? तोडायलाच हवी. आठ म्हाताऱ्यांच्या हौसेसाठी नऊशे जणांनी कोरडं राहायचं का?” त्यांनी पातेल्यातलं पाणी वाकून पाहिलं, वर आलंय का ते. “मला काय, मी तुझ्याकडे येईन. मुलीचं घर आहे.”

ते इतकं सहज म्हणाले, जसं काही छत्री विसरली तर परत जाऊन आणता येते. तिने ‘हो’ म्हणायला हवं होतं. ती यंत्राच्या पट्ट्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसली. अप्पांचे कान तीक्ष्ण होते, पण त्या वेळी ते पातेल्याकडे बघत होते.

“बघू,” ती म्हणाली. “अजून महिना आहे.”

बाहेर पडताना शेजारच्या दारातून काकूंनी तिला गाठलं. काकू शिवणकाम करत. गळ्यात मोजपट्टी आणि पदराला टाचण्या असल्याशिवाय त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचं आत शहरात कोणी नव्हतं. गल्ली बंद झाली तर त्यांच्या वाट्याला निवाऱ्यातली एक खाट येणार होती, आणि खाटेवर शिलाई मशीन ठेवता येत नाही.

“तुझे वडील ऐकतात का गं तुझं?” काकूंनी विचारलं.

“कोणाचं ऐकलंय त्यांनी आजवर?”

“सगळ्या पाइपांचं ऐकलं,” काकू म्हणाल्या आणि हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने साहेबांना विचारून पाहिलं. एखाद्या घरात माणूस असेल आणि मीटर फिरत नसेल, तर काय करायचं? साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची सरकवून तिला भिंतीवरच्या नकाशाजवळ नेलं. नकाशात शहराच्या कडेला सुताच्या लोंबत्या टोकांसारख्या निळ्या रेघा गेल्या होत्या.

“ही तुमची गल्ली,” ते म्हणाले. “या एका रेघेत रोज जेवढं पाणी मुरतं तेवढ्यात तुमच्या इमारतीला आणखी वीस मिनिटं मिळतील. मला लोकांना उठवायची हौस नाही, बाई. पण पाणी ताणून किती ताणणार? आणि तुमच्या वडिलांना काय अडचण आहे? अर्जात लिहायचं, आत नातेवाईक : मुलगी. कित्येकांना तेवढंही लिहिता येत नाही.”

“हो,” ती म्हणाली. साहेबांचं सगळंच बरोबर होतं. हल्ली सगळेच बरोबर बोलत होते, आणि तिचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

तिचं घर अकराव्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा बोळ. त्यात ती, नवरा, दोन मुली आणि सासूबाई. नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. चार माणसांच्या जागेत सहा कशी उभी करायची हा त्याचा रोजचाच धंदा, त्यामुळे तिने पत्रकाचं सांगितल्यावर तो गडबडला नाही. जेवण झाल्यावर त्याने मोजायची टेप काढली आणि बोळात उकिडवा बसला.

“अप्पांची उंची किती गं?”

“सहा फूट.”

“बोळ सहा फूट चार इंच. खिडकीपर्यंत धरलं तर. चार बोटं उरतात.” त्याला मनापासून आनंद झाला होता. “घडीची खाट टाकू. दिवसा भिंतीला लावायची.”

“येऊ देत की,” सासूबाई आतून म्हणाल्या. “मला तरी बोलायला कोणी होईल. तुम्ही सगळे यंत्रांशी बोलता.”

त्याने धाकटीच्या दप्तरातून खडू घेतला आणि फरशीवर खाटेचा चौकोन आखला. धाकटी सात वर्षांची होती. तिला एवढ्याने समाधान होईना. तिने चौकोनाच्या एका टोकाला उशी काढली, उशीवर चष्मा काढला आणि मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं : अप्पा. थोरलीने शुद्धलेखन तपासलं आणि पास केलं.

मीटरबाई ओट्यापाशी उभी राहून ते बघत होती. चौकोनाचं खिडकीकडचं टोक जिथे आलं होतं तिथे तिचं स्टूल असायचं. ते आता उचलून भिंतीशी कलतं ठेवलं होतं. कामावरून आल्यावर ती त्या स्टुलावर दहा मिनिटं बसायची. घरात त्याला आईची दहा मिनिटं म्हणत, आणि त्या दहा मिनिटांत आग लागली तरी तिला हाक मारायची नाही असा नियम होता. नऊशे माणसांच्या त्या इमारतीत तेवढीच जागा तिची होती.

पण नुसत्या स्टुलाची गोष्ट असती तर तिने ते केव्हाच सोडून दिलं असतं. दोन वर्षांपूर्वी अप्पा दोन दिवस राहायला आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी ती भांडी घासत असताना मागून येऊन तीनदा नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात दिसेनात. शोधलं तर सातव्या मजल्यावर एका परक्या दारात उभे, आणि दारातल्या बाईला सांगतायत की तुमच्या संडासातली टाकी गळतेय, मला जिन्यात ऐकू येतंय. संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ एकतीस गळक्या नळांची यादी तयार होती. इमारतीच्या अध्यक्षांनी ती यादी तिच्या हातात आणून दिली आणि वडिलांना जपा म्हणाले. मुली हसून हसून लोळल्या. तिलाही हसू आलं, पण यादी तिने घडी घालून ठेवून दिली. ती त्या कानांखाली वाढली होती. लहानपणी तोंड धुताना, पाय धुताना, तहान लागून पेला भरतानासुद्धा पाठीमागून आवाज यायचा : पुरे. बापावर तिचा जीव होता. त्यांना काही झालं असतं तर ती धावत गेली असती, रात्रंदिवस उशाशी बसली असती. पण बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोणीतरी आपण किती पाणी सांडतोय ते ऐकत बसणार, हे तिला नको होतं. घरातल्या एकाही माणसाची ना नव्हती. ना होती ती पोटच्या मुलीची, आणि ती तिने कोणाला बोलून दाखवली नव्हती.

चौकोन चार दिवस राहिला. सगळे तो ओलांडून जात. नवरा तर मुद्दाम वळसा घालायचा, जसं काही कोणी खरंच झोपलंय. रविवारी दुपारी नवरा आणि थोरली बाहेर गेली, सासूबाईंचा डोळा लागला. तिने मोरीतून मगभर पाणी आणलं, फरशीवर ओतलं आणि फडक्याने चौकोन पुसायला घेतला. उशी गेली, चष्मा गेला, अक्षरं आधी पसरली, मग गेली. पांढरं पाणी फडक्यात टिपून तिने पिळलं आणि मान वर केली, तर खोलीच्या दारात धाकटी उभी.

“पुसलंस?”

“पाय पडून सगळीकडे पसरत होतं.”

“मग मी परत काढू?”

“नको.”

“संध्याकाळी काढू?”

“नको म्हटलं ना,” ती म्हणाली. आवाज चढला तसा तिचा तिलाच ऐकू आला. “जा, खेळ जा.”

तिने स्टूल उचलून पुन्हा खिडकीपाशी ठेवलं. त्यावर ती त्या दिवशी बसली मात्र नाही. नवऱ्याने संध्याकाळी कोरी फरशी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि टेप खोक्यात ठेवून दिली. तो लिफ्टचा माणूस होता. दार कधी लागतंय हे त्याला कळायचं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस ती कामावरून आली, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझे अप्पा येऊन गेले.”

“अप्पा? इथे? कशाला?”

“सहज म्हणाले. जागा बघून जातो म्हणाले. मी म्हटलं बसा, ती येईलच तासाभरात, जेवूनच जा. तर नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. मोरीतल्या नळाचा वायसर बदलला आणि निघाले. वायसर खिशातच घेऊन आले होते, बघ.”

ती मोरीत गेली. तो नळ वर्षभर गळत होता. आता एका बोटाने फिरवला की बंद होत होता, आणि बंद झाल्यावर गप्प बसत होता. तिने तो दोनदा उघडून मिटला. मग खोलीत येऊन धाकटीला विचारलं, “अप्पा काय म्हणाले?”

“काही नाही. मी त्यांना घर दाखवलं.”

“त्यांना काय दाखवायचंय घर? पाहिलंय त्यांनी.”

“सगळं नव्हतं पाहिलं,” धाकटी म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

महिना संपला. दुसऱ्या फेरीचा दिवस आला. बस माळाच्या अलीकडे सोडते, तिथून चालावं लागतं. चालता चालता ती मनात वाक्यं जुळवत होती. अप्पा, मला वाटतं निवाऱ्यातही चांगली सोय असते. नाही. अप्पा, आमच्याकडे पाण्याचा एकच तास, तुमचे हाल होतील. हेही नाही. अप्पा, थोडे दिवस थांबा, मोठी जागा बघू. मोठी जागा कोणाला मिळत नव्हती, आणि हे तिच्याइतकंच अप्पांनाही माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पहिल्या घराची चक्री फिरत होती. दुसऱ्याचीही. तिने एकेक पेटी उघडली, एकेक काच पुसली. कुलपांची घरं शून्य, माणसांची घरं दोन, तीन, अडीच. सात झाल्या. काकू दारातच वाट बघत होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

“जा, बघ जा,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी दहा ते बारा. घड्याळ लावून. मी माझ्या कानांनी ऐकते ना, या भिंतीपलीकडे धार पडताना. देवमाणूस आहे बाई तुझा बाप. आम्हा सात घरांसाठी केलं त्याने.”

शेवटच्या पेटीला टाचेचा ठोका द्यावा लागला नाही. बिजागरीला तेल घातलेलं होतं, झाकण बोटाने उघडलं. काच आधीच पुसलेली होती. आणि काचेखाली लाल चक्री फिरत होती, न अडखळता, गरागरा. तिने यंत्र धरलं. ‘वापर दोन युनिट. घर वापरात.’ आठ झाल्या. गल्ली राहणार होती. काकूंचं मशीन राहणार होतं, अप्पा अप्पांच्या घरी राहणार होते, आणि स्टूल स्टुलाच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला. गुडघ्यावरची माती झटकत ती हसतच आत गेली.

नळ सोडलेला होता. खाली बादली भरून वाहत होती, आणि पाणी फरशीवरून पसरत मोरीच्या तोंडात जात होतं. बारीकच धार, पण त्या घरात तिने जन्मात अशी धार ऐकली नव्हती. दोरा गुंडाळून दारामागच्या खिळ्याला, कांबेच्या शेजारी, टांगून ठेवला होता.

“अप्पा,” तिने हाक मारली.

ते मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. नळाकडे पाठ, तोंड माळाकडे. मांडीवर गजराचं घड्याळ.

“अप्पा, आठ झाल्या.”

त्यांनी मान वळवली नाही. ती जवळ गेली आणि मग तिला दिसलं. त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. नीट वळलेले, घट्ट बसवलेले, फिटरने पाइपच्या सांध्यात सूत भरावं तसे भरलेले.

ती त्यांच्यामागे उभी राहिली. काकू म्हणाल्या तसं असेल, तिने स्वतःला सांगितलं. सात घरांसाठी केलं असेल. पण मग तिला त्यांचा महिन्यापूर्वीचा चेहरा आठवला, तोडायलाच हवी म्हणतानाचा. मधल्या महिन्यात पाइपची गळती कमी झाली नव्हती की इमारतीतली नऊशे माणसं कमी झाली नव्हती. घड्याळावर ठेवलेली त्यांची बोटं पाण्याच्या आवाजाबरोबर हलत होती. आवाज कापसातूनही आत जात असावा. असल्या कानांना कापूस किती पुरणार? तिने अडवायच्या आत शब्द बाहेर पडले.

“अप्पा, आमच्याकडे चला.”

अप्पा माळाकडे बघत राहिले. मग पायरीवर तिची सावली पडलेली त्यांना दिसली. ते वळले, तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी एका कानातला बोळा काढला.

“आलीस? काही म्हणालीस का?”

एकदा म्हटलं होतं ते पुन्हा म्हणायला काही लागत नव्हतं. तीन शब्द होते. तिने तोंड उघडलं.

“आकडा घ्यायला आले,” ती म्हणाली.

“मिळाला?”

“मिळाला. आठ झाल्या.”

“बरं झालं.”

ती नळाकडे वळली. “आता बंद करते. फोटो झाला, आता गरज नाही.”

“राहू दे. अजून वीस मिनिटं आहेत. एक दिवस चुकला की सवय मोडते.” त्यांनी घड्याळ पुसलं. “पुढच्या महिन्यातही फेरी असेल ना?”

“दर महिन्याला.”

“हं.”

नळाखाली पाणी वाहत होतं. ती मध्येच उभी होती, ना धड नळापाशी ना धड पायरीपाशी.

“तुम्हीच म्हणाला होतात,” ती म्हणाली, “की लाइन तोडायलाच हवी.”

“म्हणालो होतो.”

 मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा आवाजात राग नव्हता. ती सात वर्षांची असताना नळाखालून तिचा पेला बाजूला घेऊन ते जसं समजावून सांगत, अगदी तसाच आवाज होता.

“धाकटी हुशार आहे. मला सगळं घर दाखवलं तिने. माझी खाट कुठे होती, उशी कुठे होती, सगळं.” त्यांनी कापसाचा बोळा दोन बोटांत फिरवून पुन्हा गोल केला. “एक लक्षात ठेव. खडू पुसायला पाणी लागत नाही. कोरड्या फडक्याने जातो.”

एवढं बोलून त्यांनी बोळा कानात घातला आणि घड्याळात पाहिलं. अजून सतरा मिनिटं होती.